मोगऱ्याखालची ओली माती
माझं घर माझं राहिलं ते आधीच्या मालकीणबाईंमुळं. सातवीत शाळा सोडून सोयगावकडून संभाजीनगरात आलो, पुढं कमवायला लागल्यावर त्यांचं बँकेनं जप्त केलेलं घर कर्जावर घेतलं. रोज सकाळी फाटकाला कुलूप, तरी मोगऱ्याखालची माती ओली. लई भ्यालो. एका पहाटे खिडकीतून पाहिलं, तर एक म्हातारी झाडांशी बोलत पाणी घालत होती. "भिऊ नको लेकरा, घर माझंच होतं, जुनी चावी हाय. दारची भाजी खा, वाचलेला पैसा मुद्दलात घाल. मला व्याजानं बाहेर काढलं." वांगी, मेथी त्यांनीच लावून दिली. मुदतीआधी कर्ज फिटलं, त्या दिवशी चावी माझ्या हातात ठेवून त्या गेल्या, पुन्हा दिसल्या नाहीत. अजून पहाटे बागेत कुणी बोलल्यासारखं वाटतं, मी दार उघडून बघतो. एक दिवस त्यांना शोधून आणीन, पुढची खोली त्यांनाच देईन.