वापराची यादी पाठवू का?

ईमेल-गटातल्या मित्रांनो, तुमच्यापैकी एकाने पोस्टाने पाठवलेली लिनक्सची सीडी संगणकावर लावून महिना झाला. आज दुपारी त्यातल्या एका छोट्या प्रोग्रामने विचारलं, महिनाभरात तुम्ही काय काय वापरलं त्याची यादी लिनक्स बनवणाऱ्यांना पाठवू का? नाव जात नाही म्हणे.

मी 'नाही'च म्हणणार होतो. आपण घरात काय करतो ते परक्यांना कशाला?

मागे आबा, म्हणजे माझे वडील, बसले होते. सणसर गावातली मेंढरं विकून ते बारामतीत माझ्याकडे आले, तेव्हापासून या खोलीत आम्ही दोघंच. त्यांना सगळं समजावून सांगितलं.

"मेंढरं घिऊन कोकणात गेलो की भेटंल त्याच्याकडं घरी निरोप धाडायचो, हितवर आलोय म्हणून," आबा म्हणाले. "ही मान्सं तुला फुकट करून देत्यात. त्यास्नी एवढं तरी कळू दे की."

पटलं मला. पाठवण्याआधी यादी उघडून पाहिली. लिखाणाचा प्रोग्राम महिन्यात तीनदा उघडलेला. ईमेलचा रोज, दिवसातून आठ-दहा वेळा. गटाची पत्रं येतात, पण खास माझ्यासाठी महिनाभरात एकही आलेलं नाही.

मी 'नाही' दाबलं.

"धाडला का निरोप?" आबांनी विचारलं. मी हो म्हणालो.

बिननावाने पाठवायला लाजलो, ते तुम्हाला नावानिशी लिहून बसलोय. तुम्ही पाठवली असती का यादी? उत्तर गटावर नको, माझ्या पत्त्यावर लिहा. मी बघतच असतो.