प्राणेशअण्णाची तिथी

माझे रघुनंदनमामा चौतीस वर्षं टपाल खात्यात होते. अपुऱ्या पत्त्याचं पाकीट परत पाठवायचं म्हणजे त्यांना कमीपणा वाटायचा. तसा माणूस भिडस्त, पण एखादी गोष्ट डोक्यात शिरली की घोरपडीसारखा चिकटणार. निवृत्तीनंतर त्यांच्या डोक्यात शिरली ती थोरल्या भावाची, प्राणेशअण्णाची तिथी. ती शिरवली माझ्या आईने, म्हणजे त्यांच्या अक्काने.

बासष्टच्या चीनच्या युद्धात अण्णा सैन्यात होता, बावीस वर्षांचा; आई सतराची, मामा नऊ वर्षांचे. घरी तार आली ती मार्गशीर्ष शुद्ध अष्टमीला. तो कधी गेला, हे तारेत नव्हतंच. भटजी म्हणाले, वार्ता कळली ती तिथी धरा, शास्त्रात बसतं. तेव्हापासून श्राद्ध अष्टमीलाच. आधी आजोबा करायचे, नंतर मामा. आईला मात्र ते कधी पटलं नाही.

"जन्मभर लोकांची पत्रं पोचवलीस रघू," ती म्हणायची, "आणि अण्णाचं पान चुकीच्या दारात वाढतोस?"

झालं! मामांनी सहा वर्षं अर्ज केले. सैन्याच्या कचेऱ्यांना, माजी सैनिकांच्या संघटनांना, कुणालाही. उत्तरं यायची, शोध चालू आहे. मी सर्जापूर रोडच्या आयटीवाल्या वस्तीत राहणारा शहाणा, एकदा बोलून गेलो, "मामा, मेलेल्या माणसाला तारखेनं काय फरक पडतो?"

"त्याला नसेल पडत. अक्काला पडतो. ऐंशीची झाली ती."

शेवटी सैन्याच्या कचेरीतून दोन ओळींचं पत्र आलं. २० नोव्हेंबर १९६२ रोजी कामी आला. मामांनी कुठून तरी त्या सालचं पंचांग पैदा केलं आणि तिथी काढली, कार्तिक बहुळ, म्हणजे वद्य नवमी. आमचे आताचे भटजी भीमाचार्य कुरकुरले. "वार्तेची तिथी चालते हो. साठ वर्षांचं आता कशाला हलवता?" पण मामा ऐकतात कुणाचं! या वर्षी मामांच्या चामराजपेटच्या घरी नवमीला श्राद्ध झालं. पिंड ठेवल्यावर आई म्हणाली, "आज जेवला माझा अण्णा." तिला इतकं शांत मी कधी पाहिलं नव्हतं.

तिथेच थांबायला हवं होतं. पण मामांच्या जुन्या पत्रांपैकी एक कुठे तरी पोचलंच. आठवड्याभरात शहराच्याच दुसऱ्या टोकाहून, यशवंतपूरहून, सूर्यकांत नावाच्या माणसाचा फोन आला. त्याचे वडील कृष्णात, मूळचे निपाणीकडचे, अण्णाच्याच तुकडीत होते. मामा हरखले. मीच गाडी काढली.

कृष्णात पंच्याऐंशीचे, पण आठवण लख्ख. मामांचा हात त्यांनी सोडलाच नाही.

"पाय गेल्ता त्याचा. वरनं हुकूम आला, खाली उतरा. चालता येईना त्याला, आन उचलायला आमच्यात ताकद न्हवती. माझी कांबळी टाकली अंगावर. म्हटलं, सकाळी येतो न्यायला. 'सरी', बरं, म्हनाला."

"मग?"

"कुनीच गेलं न्हाई, साहेब."

मामांनी खिशातलं पत्र काढलं. "पण वीस तारीख..."

"त्या दिशीच उतरलो आमी. खाली हजेरी झाली. जो न्हाई, तो त्या तारखेला गेला, असं लिवलं."

"किती जगला असेल?"

"मागनं हाका मारत हुता, यवढं ठावं. एक रात, का चार... कुनाला ठावं?" म्हातारा लहान मुलासारखा रडायला लागला. मामांनीच त्याची पाठ थोपटली.

परत येताना सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा मामा म्हणाले, "नवमीला तो जिवंत होता, सुमंत. मी जिवंत माणसाला पिंड घातला."

त्यांचा राग यायला हवा होता, इतका खटाटोप केल्याचा. पण मी त्यांच्या हातातलं पत्र घेतलं आणि नीट घडी घालून त्यांच्या खिशात ठेवलं.

आई मामांच्या ओट्यावरच बसली होती. आम्ही चपला काढतोय तोवर तिनं विचारलं, "भेटले? काय म्हणाले?"

मामा तिच्या शेजारी बसले. "गोळी लागली अक्का, छातीत. जागच्या जागी गेला. त्याला काही कळलंसुद्धा नाही."

आईनं हात जोडले. डोळे मिटले. मी मामांकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"म्हणजे नवमीच खरी," आई म्हणाली. "बघ, तू शोधलीस म्हणून कळलं. आता मी असेन नसेन, नवमी चुकवू नकोस हं, रघू."

"नाही चुकवणार," मामा म्हणाले.