लिंडनर आबांच्या हातचा कडू घास

मी निघालो तो दिवस तळेगाव ढमढेऱ्याच्या आठवडे बाजाराचा होता. विमानाचं तिकीटच तसं निघालं. पण बाजार बुडवणं आमच्या आप्पांच्या तत्त्वात बसत नव्हतं, त्यामुळे वडिलांचा निरोप मी घेतला तो मेथीच्या जुड्या आणि वांग्यांच्या ढिगामागे पोत्यावर बसून. येईल त्या गिऱ्हाइकाला ते सांगत होते, "ह्यो आमचा फादर. जर्मनीला चाललाय. म्होरल्या काळात तिकडचं फादर हिकडं यायचं, आता त्यांच्यात सपलं म्हनून आपलं चाललंत." गिऱ्हाईक माझ्याकडे कौतुकाने बघायचं आणि मेथीचा भाव पाडून मागायचं.

जीप भरत आली तेव्हा आप्पांनी हात धोतराला पुसले आणि म्हणाले, "कुनाच्या दारात उभा ऱ्हाऊन येळ इचारत बसू नगंस. जायचं आन् बसायचं. मानूस म्हंजी काय हापिस हाय व्हय?"

आता हे वाक्य घेऊन माणूस जर्मनीत गेला तर त्याचं काय होईल, ते तुमच्यापैकी जे बाहेर गेलेत त्यांना सांगायला नको.

माझ्याकडे डोंगरातली चार गावं आहेत. चार चर्च, एक जुनी गाडी, आणि माणसांपेक्षा गाई जास्त. ढेकळांत वाढलेला असल्याने शेतकऱ्यांशी माझं लगेच जमलं. भाषा जिभेवर बसायला वेळ लागला, पण बसली. अडलं ते टेर्मिनपाशी. टेर्मिन म्हणजे आधी ठरवून घेतलेली वेळ. बाप्तिस्म्याला टेर्मिन, चहाला टेर्मिन, पापाची कबुली द्यायलाही टेर्मिन. मरण तेवढं विचारून येत नाही, पण मरणानंतरचं सगळं तिथे वेळेवर होतं.

पहिल्याच हिवाळ्यात लिंडनर नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याची बायको गेली. मी माती दिली. मग सगळे खानावळीत जमले, कॉफी झाली, केक झाला, एकेकाने लिंडनरांचा हात हातात घेतला आणि जो तो आपल्या घरी गेला. नंतर त्यांच्या दाराकडे कुणी फिरकलं नाही. दुःखातल्या माणसाला एकटं सोडायचं, हाच तिथला मान.

माझ्या जिवाला ते लागलं. आपल्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही. बाहेरच्या कुणीतरी अन्न आणायचं आणि घरच्यांच्या तोंडात पहिला घास आपल्या हाताने घालायचा, तो कडू घास. तो पोटात गेल्याशिवाय घर पुन्हा जेवायला लागत नाही. आमचं घराणं ख्रिस्ती झालं, पण कडू घास काही सुटला नाही. सोयरे लांब, म्हणून आमच्या वाडीत तो शेजारच्या मुलाण्यांच्या घरून यायचा. त्यांच्याकडे काही झालं की आमच्याकडून जायचा. त्यात कुणाला काही वेगळं वाटलं नाही.

म्हणून मी गावाकडून आणलेल्या बेसनाचं पिठलं केलं. भाकरी येत नाही, म्हणून पाव घेतला. चर्चच्या ऑफिसातल्या केलरबाईंनी पातेल्याकडे बघत विचारलं, "फोन केलात का त्यांना?" मी नाही म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटले.

लिंडनरांनी वीतभर दार उघडलं. "काही काम होतं का?"

"नाही. तुम्हाला जेवू घालायला आलोय."

खांद्यावर बर्फ साचला होता म्हणूनच त्यांनी मला आत घेतलं असावं. पिठलं लावलेला पाव मी त्यांच्या तोंडाशी नेला, तर नवं वासरू दाव्याला हिसका देतं तशी त्यांनी मान झटकली. मग माझ्या हातून पातेलं घेतलं, चमच्याने स्वतःच दोन घास खाल्ले, "मीठ जास्त आहे," म्हणाले आणि मला दारापर्यंत पोचवलं. रविवारपर्यंत चारही गावांत पसरलं होतं, की नवा फादर न सांगता घरात शिरतो आणि पिवळा लगदा भरवतो. मीही हसलो. दुसरं काय करणार?

गेल्या हिवाळ्यात आप्पा गेले. धाकट्या भावाचा, सायमनचा फोन आला तेव्हा मी चर्चमध्ये सकाळच्या मिस्साच्या उपासनेला निघालो होतो. दिवस मावळायच्या आत माती द्यायची होती. कसाही निघालो असतो तरी पोचलो नसतो. इतक्या लोकांना मी माती दिली, पण बापाला द्यायची ती मोबाइलवर बघितली. त्यातही सायमन एका हाताने फोन धरून दुसऱ्याने माती लोटत होता, त्यामुळे निम्मा वेळ नुसतं आभाळ दिसलं.

चारही गावांतून माझ्या टपालपेटीत सांत्वनाची कार्डं पडली. चर्चच्या दारात लोकांनी माझे हात घट्ट धरले. आणि मग मोठ्या मानाने मला एकटं सोडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईचा व्हिडिओवर फोन. "तुला घास कुनी दिला?"

"जेवलो गं मी."

"सोत्ताच्या हातचं इचारत न्हाई मी."

 आईच्या मागे मुलाणी मामी ताट घेऊन बसल्या होत्या. आईने कालपासून तोंडात काही घेतलं नव्हतं. "लेकरू तिकडं तसंच, आन् मी घास घिऊ व्हय?" सायमनने फोन हातात घेतला. "दादा, तिची शुगरची गोळी ऱ्हायलीया. उपाशी पोटी देता येत न्हाई. काय तरी कर."

थाप मारता आली असती. पण आईपुढे माझी थाप कधी टिकलेली नाही. फोन चालूच ठेवून मी कोट चढवला. केलरबाईंकडे गेलो असतो तर त्यांनी रडत रडत डायरी काढली असती. पाय वळले ते लिंडनरांकडे. या मुलखात ज्याला तो घास ठाऊक होता, असा तोच एक माणूस.

"काही काम होतं का?"

"हो," मी म्हणालो. "वडील गेले. आमच्यात पहिला घास दुसऱ्याने भरवावा लागतो. मला मिळेपर्यंत आई जेवणार नाही." आयुष्यभर लोकांच्या हातावर प्रसाद ठेवणारा मी, तोंड उघडून मागायला आलो होतो. फार जड गेलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि दार पूर्ण उघडलं. चुलीवर बटाट्याचं सूप होतं. काळ्या पावाचा तुकडा त्यांनी मोडला, सुपात बुडवला आणि गाईंची धार काढून जाड झालेल्या बोटांनी थेट माझ्या तोंडाशी आणला. सूप हनुवटीवर ओघळलं, पण घास आत गेला.

"मीठ नाहीये," मी म्हणालो आणि रडायला लागलो.

"माहीत आहे," ते म्हणाले. "ती गेल्यापासून अंदाज येत नाही."

फोनवर आई सगळं बघत होती. "मुलान्याच्या हातचा चालतो, मंग ह्या आबांस्नी काय झालं?" असं म्हणत तिने तोंड उघडलं आणि मुलाणी मामींनी घास भरवला. लिंडनरांनी डोक्यावरची टोपी काढली. ती गिळेपर्यंत ते तसेच उभे होते.

गावाकडचे विचारतात, घरी परत कधी येणार? सुट्टीवर निघालो की इथलेही हेच विचारतात. दोघांनाही मी खरी तारीख सांगतो आणि दोन्हीकडे मला बरं वाटतं. आप्पा गेल्याचं दुःख आहे, ते राहील. पण मी परमुलखात आहे असं मला वाटत नाही.

आई रविवारी फोन करते. आता ती माझ्याआधी त्यांचं विचारते, "लिंडनर आबा जेवलं का?"

"माहीत नाही," म्हटलं की लगेच फोन ठेवते. मग मला उठून बघायला जावं लागतं. फोन न करता.