जत्रेत झोपलेला डेटाबेस

विट्याच्या एका घरातले थोरले भाऊ गावात राहतात. धाकट्यांचं सोनं गाळायचं दुकान तमिळनाडूत. दुकानात किती सोनं आलं, गाळून किती उतरलं, हे थोरल्यांना घरबसल्या दिसावं, एवढं माझं काम. प्रोग्राम मी साताऱ्यात बसून लिहिला. नोंदी ठेवायच्या कुठं, हे काही ठरेना.

मोठ्या कंपनीचा डेटाबेस घ्यायचा तर वर्षाची वर्गणी माझ्या मजुरीपेक्षा जास्त. लहानसा सर्व्हर भाड्यानं घेऊन त्यावर मोफत मिळणारा डेटाबेस बसवता आला असता, पण दरमहा थोडा खर्च आणि देखभाल माझ्या गळ्यात. तिसरा अगदी फुकट, दुसऱ्या कुणाच्या तरी सर्व्हरवर. विट्याला जायला साताऱ्याहून एसटीत बसले तेव्हा भाड्याचा पक्का होता. रहिमतपूर येईस्तोवर फुकटचा बरा वाटू लागला. पुसेसावळीला पुन्हा भाड्याचा.

थोरल्यांनी एका वाक्यात निकाल लावला. "ताई, फुकट हाय आन चालतंय, मग पैसं कशाला?"

"अण्णा, फुकटाला अटी असतात. बरेच दिवस वापर नसला तर हा झोपी जातो."

"आमचं दुकान कवा बंद असतंय?"

फुकटचाच चालवून बघायचं ठरलं.

चाललंही. मग गावची जत्रा आली. जत्रेला गलाईवाले, म्हणजे हे सोनं गाळणारे, कुठकुठल्या शहरांतली दुकानं बंद करून घरी येतात. धाकटेही आले, चांगले दहा-बारा दिवस राहिले.

ते परत गेले आणि दुकान उघडलं, त्या सकाळी मी अण्णांच्या सोप्यात लॅपटॉप उघडून बसले होते. पडद्यावर एकाच गिऱ्हाइकाच्या, एकाच वजनाच्या, गाळलेल्या सोन्याच्या दोन लगडी. अण्णांनी फोन लावला, स्पीकरवर टाकला.

"दुसरी लगड कुठं हाय रं?"

"कसली दुसरी? एकच गाळली."

"हितं दोन दिसत्यात."

"आण्णा, माज्यावर वहीम घेताय व्हय?"

मला बसवेना. या धंद्यात गुंजभर सोन्याच्या संशयानं भाऊ वेगळे झालेले मी पाहिलेत. मी फोनकडं वाकून विचारलं, "नोंदीचं बटण किती वेळा दाबलं?"

"दाबलं, कायच हुईना. म्हून परत दाबलं."

जत्रेत दुकान बंद, वापर नाही, म्हणून डेटाबेस झोपला होता. जागा झाला आणि त्यानं दोन्ही नोंदी घेतल्या. मी अण्णांना नोंदींची वेळ दाखवली. दोन्ही एकाच मिनिटातल्या. तेवढ्या वेळात दुसरी लगड गाळून होत नाही, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

"बटण दोनदा दाबलं तरी नोंद एकच होईल, असं आत्ता करून देते," मी म्हणाले. "आणि ही जादाची पुसून टाकते."

"पुसू नगा," फोनवरून धाकटे म्हणाले. "पुसली तर उद्या कुनीबी म्हनंल, कायतरी लपवलं. रद्द करा, आन कारण लिवा."

"काय लिहू?"

"लिवा, आण्णांची काटकसर."

मी अण्णांकडं पाहिलं. ते चष्मा पुसत होते. "लिवा ताई," ते म्हणाले. "आन त्यो भाड्याचा बसवा."

मी लिहिलं. धाकट्यांनी ते मला अण्णांसमोर मोठ्यानं वाचायला लावलं. मगच फोन ठेवला.