माझ्या नावापुढचं होस्टेल

माझं नाव माझ्या डोळ्यांसमोर बदललं.

रविवारची दुपार होती. सिडनीत लॉकडाऊन, आमच्या वॉलॉंगॉंगमध्येही लॉकडाऊन. पुण्यातल्या आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा स्नेहमेळावा एरवी सिडनीतल्या वेंटवर्थव्हिलच्या हॉलमध्ये व्हायचा, जेवणावळीसकट. त्या वर्षी तो ऑनलाइन झाला. स्क्रीनभर चौकटी. प्रत्येक चौकटीखाली नाव, बॅच, होस्टेल. माझ्या चौकटीखाली मी लिहिलं होतं: नाव, बॅच, समाजकल्याण वसतिगृह. बघता बघता शेवटचे दोन शब्द पुसले गेले.

कार्यक्रमाची होस्ट मुग्धा होती. तिचा मेसेज आला, फक्त मला दिसेल असा. "अगं, तेवढं काढलं मी. आज गेस्ट आहेत ना. डोन्ट माइंड हं."

मी पुन्हा लिहिलं. पुन्हा गेलं. आणखी एकदा लिहायला गेले तर नाव बदलायची सोयच बंद केलेली.

माझी मुलगी शेजारी लॅपटॉप घेऊन युनीची, म्हणजे विद्यापीठाची, असाइनमेंट करत होती. तिनं मान वर केली. "ममा, शी जस्ट चेंज्ड युअर नेम. इज शी अलाउड टू डू दॅट?"

"होस्टला अलाउड असतं," मी म्हणाले.

हे सगळं माझ्यामुळेच झालं. मी या माजी विद्यार्थ्यांच्या संस्थेची सचिव. याद्या, निमंत्रणं, कोण कधी बोलणार, सगळं माझ्याकडे. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दिवसभर कोव्हिडचे नमुने नोंदवून घ्यायचं काम करते, त्यामुळे अर्धवट भरलेलं काही मला बघवत नाही. ग्रुपवर मीच सूचना टाकली होती: प्रत्येकाने नाव, बॅच आणि होस्टेल लिहावे, काहीही रिकामे सोडू नये. टाकली आणि मग लक्षात आलं, की इतकी वर्षं ती जागा मीच रिकामी सोडत आले आहे.

स्वतः घातलेला नियम मोडणं माझ्या स्वभावात नाही. म्हणून लिहिलं. त्या दिवशी क्रांती वगैरे करायला बसले नव्हते.

आमच्या कॉलेजच्या आवारात लेडीज होस्टेल होतं. दगडी इमारत, पुढे बोगनवेल. तिथल्या मुलींचं स्वतःचं गाणं होतं. नवीन आलेल्या मुलीला टोपणनाव मिळायचं आणि ते जन्मभर टिकायचं. आज पन्नाशीच्या बायका इथे सिडनीत एकमेकींना 'चिमणी' आणि 'भोपळी' म्हणून हाका मारतात. दर मेळाव्यात ते गाणं होतं आणि मग ग्रुप फोटो. फोटो मी काढायचे. "तू नीट काढतेस गं," मुग्धा म्हणायची. मलाही ते सोयीचं होतं. हातात कॅमेरा असला की तू कुठल्या होस्टेलची, असं कुणी विचारत नाही.

आमचं होस्टेल स्टेशनच्या पलीकडे, भाड्याच्या इमारतीत. समाजकल्याण खात्याचं, मागासवर्गीय मुलींचं. मी बौद्ध. माझ्या खोलीत आम्ही चौघी. प्रॅक्टिकलला माझ्या टेबलावरची मुलगी एकदा सगळ्यांसमोर म्हणाली, "तुमचं काय बाई, राहणं फुकट, जेवण फुकट. आम्हाला सगळं कमवावं लागतं." तिची फी तिचे वडील भरत होते. हे मला तेव्हा सुचलं नाही. मी खाली मान घालून स्लाइड पुसत राहिले. ती स्लाइड आधीच स्वच्छ होती.

माझ्या खोलीतल्या चौघींतली एक पुढे नटी झाली. घराघरात ओळखतात अशी. मेळाव्याची पाहुणी तीच. तिचं नाव इथे लिहीत नाही. मुद्दामच.

माझ्यापेक्षा एक वर्ष मागे. मला ताई म्हणायची. जिन्यात उभी राहून स्वगतं म्हणायची आणि स्वयंपाकाच्या मावशी पोळ्या टाकून ऐकायला यायच्या. पोळ्या करपायच्या. वॉर्डनबाई ओरडायच्या, "हिला आधी स्टेजवर पाठवा रे कुणीतरी, म्हणजे आपल्याला धड जेवायला मिळेल!" तिच्या पहिल्या एकांकिकेला तिच्याकडे नेसायला काही नव्हतं. आईनं मला दिलेली निळी साडी ती नेसली. आम्ही सगळ्या शेवटच्या रांगेत बसून हात लाल होईस्तोवर टाळ्या वाजवल्या.

तर तिच्यासाठी माझे दोन शब्द पुसले गेले. दोनदा.

कार्यक्रम सुरू व्हायला अजून थोडा वेळ होता. फोन वाजला. मुग्धाच.

"रागावलीस का गं?"

"का काढलंस?"

"अगं, तुझ्यासाठी नाही, तिच्यासाठी. तीपण तिकडचीच आहे म्हणतात ना. तुझं वाचून तिला ऑकवर्ड होईल. आणि खरं सांगू? तिच्याकडे बघ. किती ग्रेसफुली वावरते. कधी कळतं तरी का?"

कधी कळतं तरी का.

ती हे कौतुकानं म्हणत होती. तेच मला लागलं. शिवी असती तर मी सोसली असती, सवय होती. पण हे कौतुक होतं, आणि ते तिच्याइतकंच माझंही होतं. इतकी वर्षं माझंही कुणाला कळलं नाही, म्हणून मी सचिव आहे, असं मी समजत होते. पण माझे दोन शब्द वाचून मुग्धा जराही चकित झाली नव्हती, म्हणजे यांना माहीत होतं. पहिल्यापासून सगळं माहीत होतं. फक्त मी ते उच्चारत नव्हते, यावर त्यांचं माझ्याशी बरं चाललं होतं.

"बरं," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

पाहुणी आली. छान दिसत होती. मोकळं हसली. मुग्धानं विचारलं, "मॅडम, होस्टेलच्या आठवणी सांगा ना!" आणि तिनं सांगितल्या. बोगनवेल सांगितली. रात्री गच्चीवर म्हटलेलं गाणं सांगितलं. टोपणनावं सांगितली. सगळ्या चौकटी हसत होत्या, कुणी डोळे पुसत होतं. मीही तिच्या अभिनयाला दाद देत होते. त्या गच्चीवर ती कधी गेली नव्हती. बाहेरच्या मुलींना तिथे प्रवेश नव्हता.

जिना नाही. करपलेल्या पोळ्या नाहीत. वॉर्डनबाई नाहीत.

मला माझ्या लॅबमधले मोठे डॉक्टर आठवले. ते युनीत ज्या निवासी कॉलेजमध्ये राहिले, त्याचं चिन्ह त्यांच्या टायवर आहे, चहाच्या मगवर आहे. इथे मंत्री असो की बातम्या देणारा, रेडिओवर सहज सांगून जातो, मी अमक्या कॉलेजचा. ऐकणारा म्हणतो, ओ, गुड ऑन यू मेट. त्यांना कुणी विचारत नाही, की तिथे राहायला पैसे कुणी दिले. ज्यांच्या होस्टेलच्या भिंतीवर आजोबांचे फोटो आहेत, ते नाव मिरवतात. ज्यांच्या होस्टेलच्या पाटीवर 'मागासवर्गीय' लिहिलंय, त्यांनी नाव गिळायचं. आणि गिळलं की त्याला ग्रेस म्हणायचं.

शेवटी आभार मानायचे होते. ते सचिवाचं काम. मी माइक चालू केला. 

पाहुणीचं नाव घ्यावं का? एक क्षण मनात आलं. हिलाही ओढावं. माझी साडी नेसून गेली होतीस, म्हणावं. मग स्वतःलाच नाही म्हटलं. तिचं तिनं सांगायचं. तिच्या तोंडून ते मी काढून घेतलं, तर मुग्धानं माझ्याशी जे केलं तेच मी तिच्याशी केलं असं होईल.

मी म्हणाले, "माझ्या नावापुढचं होस्टेल स्क्रीनवरून गेलंय, म्हणून तोंडी सांगते. मी समाजकल्याण खात्याच्या मागासवर्गीय मुलींच्या वसतिगृहात राहून शिकले. मी बौद्ध आहे. आमच्या वॉर्डनबाईंचे आणि स्वयंपाकाच्या मावशींचे आभार. ते वसतिगृह मिळावं म्हणून ज्यांनी मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, त्यांचे आभार. ते फुकट नव्हतं. कुणीतरी किंमत मोजली होती. पाहुण्यांचे आणि आपल्या सगळ्यांचे आभार. जय भीम."

त्या ग्रुपमध्ये गणपतीच्या आरत्या व्हायच्या, दिवाळी पहाट व्हायची. जय भीम पहिल्यांदा झालं.

 दोन चौकटी काळ्या झाल्या. त्यातली एक पाहुणीची. मुग्धा घाईघाईनं म्हणाली, "थँक यू, थँक यू, सो नाइस, टाइम झालाय आपला." आणि स्क्रीन बंद.

माझी मुलगी माझ्याकडे बघत होती. "यू नेव्हर टोल्ड मी दॅट," ती म्हणाली. रागावली होती. रागावायला तिला हक्क होता.

संध्याकाळी पाहुणीचा मेसेज आला. "ताई, माझं नाव घेतलं नाहीस, थँक्स. तू तिकडे आहेस, तुला परवडतं. मला इथे रोज काम मिळवायचं असतं."

ती खोटं बोलत नव्हती. मला पगार हॉस्पिटल देतं, मुग्धा नाही. तिला काम देणारे सगळे मुग्धासारख्याच घरांतले. मी उत्तर दिलं, "सांगायचं की नाही, तुझं तू ठरव. पण त्यांच्या गच्चीचे किस्से सांगू नकोस. आपल्या जिन्याचे सांग. होस्टेलचं नाव नको घेऊस हवं तर." दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. अजून आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुग्धाचा मेसेज आला. कमिटीशी बोलून लिहिला होता, भाषेवरून कळत होतं. आभारप्रदर्शनातले विचार वैयक्तिक होते, आणि व्यासपीठावर जातीचा विषय आणल्याबद्दल दिलगीर आहे, असं मी ग्रुपवर लिहावं. "दोन ओळी टाक ना. विषय संपेल. आपण सगळे एकच आहोत गं."

लंच ब्रेक होता. मास्क काढून, लॅबच्या मागच्या दाराशी उभी राहून मी उत्तर लिहिलं. मला फार वेळ लागला नाही.

मुग्धा, मी दिलगीर नाही. सगळे जण आपापलं होस्टेल सांगत होते, मी माझं सांगितलं. तुमच्या सांगण्याला आठवण म्हणता आणि माझ्या सांगण्याला जात म्हणता, तर तो विषय मी आणलेला नाही. मी राजीनामाही देणार नाही. मला काढायचं असेल तर नियमाप्रमाणे बैठक बोलवा. विषयपत्रिकेवर विषय लिहा आणि त्याखाली कारण लिहा. फोनवर कुजबुजलेलं नको, लिहिलेलं हवं. मी बैठकीला हजर राहीन आणि ते कारण तुला सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला लावीन.