चौथ्या पायरीवरची बाई

अंगात येणाऱ्या बाईपुढे मी आजवर कधी हात जोडले नाहीत. अम्मा पोरांची दृष्ट काढायची, मीठ-मिरच्या चुलीत टाकायची आणि ठसका लागला नाही की म्हणायची, बघा, केवढी नजर लागली होती. मी तोंड फिरवून हसायचे. पुढे बालवाडीत शिकवायला लागले तेव्हाही मुलांच्या आयांना हेच सांगत आले... ताप आला तर डॉक्टरकडे न्या, दोरे बांधत बसू नका. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं लिहिणारी बाई कशी आहे ते तुम्हाला कळेल.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचं दुसरं वर्ष होतं. सोलापुरात पूर्व भागात, अशोक चौकाच्या मागच्या एका बोळात आम्ही राहायचो. विणकर समाजातले आम्ही, घरात तेलुगू. थोरल्या भावाला मी अन्ना म्हणायचे आणि त्याच्या बायकोला वदिना – म्हणजे वहिनी. तिचं नाव अनसूया. वडील लवकर गेले. अन्ना यंत्रमागावर कामाला, आणि अम्मा, वदिना नि मी घरात बिड्या वळायचो. मी तेव्हा सतरा वर्षांची, वदिना असेल बावीस-तेवीसची. आमचं घरातलं बोलणं तेलुगूतलं आहे, इथे मराठीत लिहिते.

वदिनाला सिनेमाचं वेड होतं. वर्षाकाठी दोन-तीनच बघायला मिळायचे, पण मांडीवर सूप घेऊन बसली की ती त्या दोन-तीनांवर महिनोन् महिने बोलायची. हिरो-हिरोइनबद्दल फारसं नाही. मागे गर्दीत कोण उभं होतं, पाण्याला आलेली ती जाडी बाई हिरोइनकडे न बघता भलतीकडेच कशी बघत होती – असलं सगळं तिच्या लक्षात राहायचं. एकदा म्हणाली होती, "मला नाचायला-गायला कोण घेणार? पण मागे उभं राहायला काय लागतं, पद्मा? तेवढं तर मला जमेल."

त्या वर्षी कोल्हापूरकडची एक कंपनी मराठी पिक्चरच्या शूटिंगला आमच्या जिल्ह्यात आली. कंपनीचं आणि पिक्चरचं नाव देत नाही. माचणूरला भीमेच्या घाटावर दोन दिवसांचं काम होतं. गर्दीसाठी बायका हव्या होत्या. नाटकाचे कपडे भाड्याने देणारे एक मामा चौकात दुकान चालवायचे, त्यांच्याकडे माणसं जमवायचं काम आलं. वदिनानं स्वतः जाऊन आम्हा दोघींची नावं दिली. अम्मा तेव्हा लग्नाला करीमनगरकडे गेली होती, म्हणून हे जमलं. अन्नानं नाही म्हटलं नाही. तिला तो सहसा नाही म्हणत नसे.

आदल्या दिवशी दुपारी मामा दारात आले. वदिना बिड्या द्यायला कारखान्यात गेलेली. मामा म्हणाले, ट्रकमध्ये जागा कमी आहे, घरटी एकच बाई घेता येईल. आणि मग म्हणाले, "तुमच्या वैनीचं नाव ठेवलंय मी. उंच हाय, फुडं उभी राहिली तर शोभंल. सकाळी सहाला चौकात पाठवून द्या."

मी मान हलवली.

वदिना घरी आली तेव्हा मी तिला सांगितलं – मामा येऊन गेले, लग्न झालेल्या बायका नको म्हणतात, पोरीच हव्यात.

इतकं सहज खोटं मी त्याआधी कधी बोलले नव्हते. विचार करून ठरवलं असंही नाही. ती उंबऱ्यातून आत येत होती आणि वाक्य तोंडातून निघून गेलं. तिनं डोक्यावरची पाटी उतरवून ठेवली, हातपाय धुतले. मग म्हणाली, "बरं, मग तू जा. तुझ्याकडे नऊवारी कुठंय? माझं नेस."

माहेरून आणलेलं इरकली लुगडं होतं तिचं, रुंद काठाचं. शूटिंगसाठी म्हणून तिनं ते चार दिवस गादीखाली घडी घालून ठेवलं होतं. पहाटे उठून तिनंच ते मला नेसवलं. मी बुटकी, म्हणून कमरेला दोनदा खोचून वर घेतलं. अंबाडा घातला. मला चौकापर्यंत सोडायलाही आली.

चौकात ट्रक उभा होता. आत दहा-बारा बायका बसल्या होत्या आणि निम्म्यांच्या गळ्यात मंगळसूत्र होतं. एकीच्या मांडीवर तर मूल होतं. मी पाहिलं, आणि वदिनानंही पाहिलं. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. तिनं हात देऊन मला वर चढवलं आणि एवढंच म्हणाली, "पदर सांभाळ, वाऱ्यानं उडेल."

माचणूरला पोचलो तर ऊन चढलं होतं. सीन असा होता – सासरच्यांनी टाकलेली हिरोइन नावेत बसून गाव सोडते आणि घाटाच्या पायऱ्यांवर उभ्या राहून गावातल्या बायका तिला बघतात. मला वरून चौथ्या पायरीवर उभं केलं. माझ्या उजव्या हाताला जैनबबी नावाची बाई होती, ती पुढच्या नाक्यावर ट्रकमध्ये चढली होती, तिथेच ओळख झाली होती. डायरेक्टरचा असिस्टंट प्रत्येकीला सांगत होता, नावेकडे बघायचं, नाव वळली की पदर डोक्यावर घ्यायचा, कुणीही हसायचं नाही. मी तालमीत घाबरून दात दाखवले तर त्यानं मला पुन्हा बजावलं. सात टेक झाले. सातही वेळा मी न हसता पदर घेतला. कॅमेरा आमच्या तोंडांवरून हळूहळू सरकत गेला, एकदा तर अगदी जवळून. त्या वेळी मला वदिनाची आठवण आली असं लिहायला बरं वाटलं असतं. खरं सांगते, आली नाही. मी पडद्यावर कशी दिसेन, एवढाच विचार डोक्यात होता.

घरी आले तेव्हा तिनं सगळं विचारून घेतलं. कॅमेरा केवढा असतो, हिरोइन खरंच रडते का, नाव परत कशी आणतात. ट्रकबद्दल चकार शब्द नाही. मी मनाशी म्हणत होते की एक-दोन दिवसांत सांगून टाकू, माफी मागू. दिवस गेले, मग रोज समोरासमोर बसून पानं कातरताना ते आणखी अवघड होत गेलं. ती पहिल्यासारखीच वागत होती, त्यामुळे तर जास्तच.

चार महिन्यांनी वदिनाला कावीळ झाली. आठ दिवसांत गेली. शेवटचे दोन दिवस ती कुणाला ओळखत नव्हती.

पिक्चर दुसऱ्या वर्षी सोलापुरात लागला. जाऊ नये असं मला वाटत होतं, पण अम्माच म्हणाली, तू दिसणार आहेस तर बघू या. दुपारच्या तीनच्या खेळाला आम्ही तिघं गेलो – अम्मा मध्ये, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला अन्ना. मध्यंतरानंतर घाटाचा सीन आला. नाव सुटली. कॅमेरा पायऱ्यांवर आला. आधी ओळखीच्या बायका दिसल्या, मग जैनबबी दिसली, अगदी स्पष्ट. आणि तिच्या बाजूला, चौथ्या पायरीवर, वदिना उभी होती.

पिक्चर काळापांढरा होता, पण ते रुंद काठाचं लुगडं मी ओळखलं. ते कमरेला दोनदा खोचलेलं नव्हतं, तिच्या उंचीला बरोबर बसलं होतं. नाव वळली तसा तिनं पदर डोक्यावर घेतला. आजूबाजूच्या बायका गंभीर, आणि ती मात्र हसत होती. मोठ्यानं नाही... मनाजोगतं काही झालं की ओठ मिटून हसायची, तसं. नावेकडे बघतच नव्हती. सरळ समोर बघत होती. मोजून चार-पाच सेकंदं असतील. मग पुन्हा नाव दिसली. त्यानंतर संपूर्ण पिक्चरमध्ये मी कुठेही नव्हते.

अम्मानं माझं मनगट घट्ट धरलं. हळूच म्हणाली, "अनू पण गेली होती? मला कशी बोलली नाहीस?"

खरं सांगायची वेळ तीच होती. मी "हो" म्हणाले. अम्मा पदरानं डोळे पुसत म्हणाली की चला, पोरीची हौस तरी झाली. पुढे मरेपर्यंत ती लोकांना हेच सांगायची. लाइट लागल्यावर मी अन्नाकडे पाहिलं, तर तो रिकाम्या पडद्याकडे बघत बसला होता.

दुसऱ्या दिवशी मी जैनबबीचं घर शोधत गेले. तिनंही पिक्चर पाहिला होता. माझ्या बाजूला कोण उभं होतं, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "मेरे बाजू में तूच थी ना गे. पन पिच्चर में कोई दुसरीच औरत दिखी. मैं घर में बोली तो सब हँसे." ती वदिनाला ओळखत नव्हती, कधी पाहिलंही नव्हतं. मी तिला काही समजावलं नाही. मला स्वतःलाच काही समजलं नव्हतं.

पिक्चर दोन आठवडे चालला. अन्ना रोज तीनच्या खेळाला जायचा, मागावरून सुट्टी मागून. कुणी विचारलं तर म्हणायचा, जरा बाहेर जाऊन आलो. मग पिक्चर उतरला आणि त्यानं तो विषय कधी काढला नाही. पुढे त्याचं दुसरं लग्न झालं, मुलं झाली. माझंही लग्न झालं. राखीला मी जायचे, तो भावासारखा वागायचा, पण आम्हा दोघांत ती एक गोष्ट न बोललेली राहिली.

अम्मा गेल्यावर, म्हणजे या सगळ्याला वीस-बावीस वर्षं झाल्यावर, एका दुपारी मी त्याला सांगून टाकलं. तोवर कापसाच्या धुळीनं त्याची छाती खराब झाली होती, दारात खुर्ची टाकून बसलेला असायचा. मी सगळं सांगितलं. मामा काय म्हणाले, मी तिला काय सांगितलं, ट्रकमध्ये काय दिसलं, टॉकीजमध्ये अम्माशी काय बोलले. मी रडत होते. तो रस्त्याकडे बघत ऐकत होता.

मग म्हणाला, "मला ठाऊक आहे. आदल्या दिवसापासून मी डबल पाळीला मागावरच होतो. त्या दिवशी लाइट गेली म्हणून माग बंद पडले, मी दुपारी घरी आलो. ती बिड्या वळत बसली होती. तू कशी गेली नाहीस म्हटलं, तर म्हणाली, पद्माला जायचं होतं. मग म्हणाली, तिला काही विचारू नका, लहान आहे."

म्हणजे पडद्यावर ती दिसली तेव्हा ती शूटिंगला गेलीच नव्हती हे त्याला आधीपासून माहीत होतं. मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलला का नाहीस? श्वास घेऊन घेऊन बोलत होता तो.

"बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी ती दिसली नसती, अशी भीती वाटायची. पिक्चर उतरल्यावर... मग कशाला बोलायचं. चौदा दिवस बघितली तिला. एकदाही चुकली नाही."

आता अन्नाही नाही. जैनबबीचा पत्ता लागला नाही. माझ्या मुलीनं इंटरनेटवर तो पिक्चर खूप शोधला, त्यातली दोन गाणी मिळाली, घाटाचा सीन कुठेच नाही. कंपनी केव्हाच बंद झाली, रिळांचं काय झालं ते कुणाला माहीत नाही. तेव्हा माझं म्हणणं खरं करून दाखवायला माझ्याकडे काहीही नाही. मनाचा खेळ म्हणावा, तर तो अम्माच्या, अन्नाच्या आणि वदिनाला न ओळखणाऱ्या एका बाईच्या मनाचा एकाच वेळी कसा झाला? मी पन्नास वर्षं विचार करते आहे, मला उलगडलेलं नाही.

ती तिथे कशी आली, हा प्रश्न तुमच्यावर सोडते. माझा प्रश्न वेगळा आहे. ट्रकमध्ये मी चढले, तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता. खाली उतरायला मला एक क्षण पुरला असता.