शेवटची चार अक्षरं

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. तेलीबांध्याकडे नवी घरं उठत होती आणि तात्यापारा या जुन्या मराठी वस्तीतल्या माझ्या मराठीच्या वर्गातली पोरं गळत होती. उरलेली मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर द्यायची. अशात एकदा शेजारच्या वहिनी स्वतः लिहिलेली कविता घेऊन आल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा फौजेत. सुट्टी अर्धवट टाकून तो सरहद्दीवर निघाला होता. तिकडे चकमकी वाढल्या होत्या.

कविता तपासून द्या, म्हणाल्या. छंदाच्या बाबतीत मी खडूस माणूस. लगेच बोटांवर अक्षरं मोजू लागलो.

ओवाळिते बाळा
दही हातावर
निघ वेळेवर
येतो म्हण

मोठा अभंग. तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारांचा. दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक जुळतं. चौथा आखूड, यमकावाचून एकटा. वाचताना तिथे श्वास अडतो. घराबाहेर पडताना आपल्यात 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. वहिनींनी ती रीत नेमकी त्या आखूड जागी बसवली होती. चार कडव्यांत एक अक्षर कमी-जास्त नव्हतं. पाचव्याला मात्र तीनच चरण. कडवं लंगडं आहे, मी म्हटलं.

"तो चरण त्यानं म्हणाचा आहे जी," वहिनी म्हणाल्या. "पोट्टा हिंदीतच बोलते. मले एकदा त्याच्या तोंडून ऐकाचं आहे."

घरी ओवाळून झालं, हातावर दही दिलं, वहिनींनी कविता म्हटली. पाचव्या कडव्याशी त्या थांबल्या, तेव्हा पोरगं लाजून नुसतं हसलं. स्टेशनवर मीही गेलो होतो. गाडी हलली तसा तो दारातून म्हणाला, "अच्छा आई, जाता हूँ." लहानपणापासून तो असंच म्हणून शाळेत जायचा. गाडी दिसेनाशी झाली तरी वहिनी पुटपुटत होत्या, येतो म्हण, येतो म्हण.

हिवाळ्यात तिरंग्यात गुंडाळलेली पेटी आली.

इथल्या मराठी मंडळाने शोकसभेत ती कविता छापून वाटली. कार्यवाहांनी आपल्या मनाने पाचवं कडवं पुरं केलं होतं: 'अमर तू'. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चूक काढायची म्हणून मी अक्षरं मोजली. चार भरली.

सभा संपल्यावर वहिनींनी तो कागद माझ्यापुढे धरला. "आता बरोबर झालं का जी?"

मी पुन्हा मोजल्यासारखं केलं आणि झालं म्हणालो.